जन्मतारीख : एक जानेवारी

त्या साली शाळेच्या व्हरांड्यात आधारचा कॅम्प होता.
डोळ्यांचं यंत्र, बोटांचं यंत्र, भाड्याचा जनरेटर
आणि मी, बारावी पास, दीडशे रुपये रोज.
जन्मतारीख विचारली की वाघझरी हसायची.
कोणी म्हणे, नाल्याचा पूर मारुतीच्या पायरीले लागला त्या साली.
कोणी म्हणे, माह्या मायले ठाऊक होतं, ते तर गेली.
कोणी म्हणे, तूच पाह्य ना तोंडाकडे अन् लिही.

मी तोंडाकडे पाहिलं आणि लिहिलं.
अख्खं गाव एक जानेवारीला जन्माला घातलं.

जैवंताबाई कुमरे फोटोसाठी तेल लावून आली होती.
भीड म्हणून मी तिची दोन वर्षं कमी केली,
मग आणखी पाच,
मागे रांग होती, डिझेल संपत आलं होतं.
अठ्ठ्याहत्तर टाकलं.
तिचा अंगठा यंत्रानं चौथ्या वेळी घेतला,
तेंदूच्या पानांनी रेषा पुसल्या होत्या.

आता आरोग्य केंद्रात लसीच्या टेबलावर
लॅपटॉप माझ्याच पुढे.
आधी साठीचे आले, काठ्या टेकत,
मग पंचेचाळीसच्या वरचे.
जैवंताबाई तीनदा आली,
दोनदा पायी, एकदा भाच्याच्या लुनावर.
स्क्रीन म्हणे, त्रेचाळीस.
"माह्या पोरीची पोरगी नववीत हाय, बाप्पा!"
सिस्टर म्हणाल्या, कागदावर आहे ते आहे.
कागद कोणी लिहिला,
ते मी सांगितलं नाही.

बारकू किनाके एकदाच आला. चव्वेचाळीस.
"असू दे," म्हणाला, "वर्षभरानं येतो."
एप्रिलच्या शेवटी पांढरकवड्याच्या पुढे
रुग्णवाहिकेतच राहिला.
लस मिळती तर वाचता का, मला विचारू नका.
मी डॉक्टर नाही. मी टायपिंग करतो.

मग एका रात्री बातमी आली :
अठराच्या वर सगळ्यांना.
ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर रामकिसन दोनदा बोलला,
दुसऱ्यांदा खोकत.
पोरं पाण्याच्या टाकीवर चढली, रेंज तिथंच लागते.
आठ वाजता स्लॉट उघडले,
आठ वाजून एक मिनिटानं हिरवं लाल झालं.
सकाळी केंद्रापुढं नागपूरच्या चौदा गाड्या.
शंभर कोसांवरून आल्यासारखी थकलेली, शहाणी पोरं,
संडास कुठं आहे विचारणारी.
राग यावा तर एक पोरगी
रांगेत उभ्या-उभ्या फोनवर ऑक्सिजनचा आकडा ऐकत होती,
बापाचा.
टाकीवरून आमची पोरं तेंदूच्या फळीवर निघून गेली.

त्या रात्री मी झोपलो नाही.
एका नंबरावर चार नावं चढतात.
मी, बायको, भाऊ.
चौथ्या जागी जैवंताबाई.
तीन रात्री बोट हुकलं. चौथ्या रात्री,
सात एकोणसाठला श्वास धरून बसलो,
ओटीपी आला, उमटला,
हिरवं हिरवंच राहिलं.

ती आली. हातांना पानांचा काळा डाग,
पदरात शिदोरी, कारण किती वेळ लागंल कोन जाणे.
सुईकडे न पाहता माझ्याकडे पाहत राहिली.
अर्धा तास बसायचं होतं, बाकावर, पंख्याखाली.
पंखा फिरत नव्हता.
तेव्हा मी सांगितलं.
व्हरांडा, डिझेल, मागची रांग,
कमी केलेली सात वर्षं.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"मंग आता मी किती वर्षाची रे?"

"अठराच्या वरची, मावशी."

तोंडावर पदर घेऊन ती हसली,
मास्क खाली घसरेपर्यंत.
मग शिदोरीतली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली
आणि विचारलं,
बारकूले किती लिवलं होतं?